पुदिना, शेप आणि जिरे

मननासाठी शास्त्रपाठ : मत्तय २३:२३



आपल्या मराठी मंडळ्या बेळगावला असोत की इंदूरला, ग्वाल्हेर, वडोदरा किंवा हैदराबादला असोत, एक गोष्ट बहुतेक घरांत सारखीच आढळते. मागील दारी मोरीच्या पाण्यावर पुदिना वाढलेला असतो. त्याच्या शेजारी हातभर वाफ्यात कोथिंबीर, थोडा शेपू, कुंपणाला कढीपत्त्याचे झाड. अंगणाचे जुने घर गेले आणि तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅट आला, तरी रंगाची रिकामी बादली गॅलरीत येते आणि तिच्यात चार धणे पडतात. आमटीवर टाकण्यापुरता पाला मिळाला की गृहिणीचे समाधान होते. असल्या लहानशा वाफ्याकडे धर्माच्या दृष्टीने पाहावे असे आपल्या मनातही येत नाही. प्रभु येशूने मात्र तसे पाहिले.

यरुशलेमेच्या मंदिरात, वधस्तंभावर जाण्यापूर्वीच्या त्या शेवटच्या दिवसांत, प्रभूने शास्त्री व परूशी ह्यांना जे कठोर शब्द ऐकविले त्यांत तीन मसाल्याच्या वनस्पतींची नावे आली आहेत : पुदिना, शेप आणि जिरे. ह्यांचा दशांश तुम्ही देता, पण नियमशास्त्रातील भारी गोष्टी, म्हणजे न्याय, दया आणि विश्वास, तुम्ही सोडून दिल्या आहेत, असा त्या बोलण्याचा भाव आहे. लूक असेच बोलणे आपल्या शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायात देतो. तेथे पुदिन्याबरोबर सताप आणि इतर पालेभाजी ह्यांचा उल्लेख आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात भूमीच्या उत्पन्नाचा व झाडांच्या फळांचा दशांश परमेश्वराचा आहे, असे सांगितले आहे (लेवीय २७:३०). अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात धान्य, द्राक्षारस व तेल ह्यांची नावे घेतली आहेत. परंतु स्वयंपाकघरामागच्या वाफ्याचे काय? शेताचा नियम चटणीच्या पाल्यालाही लागू करावा काय? भक्तिमान यहूदी लोकांनी ह्या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला. इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना ह्या त्यांच्या नियमग्रंथात रब्बी एलिएजर ह्यांचे मत नमूद आहे. ते म्हणतात, शेपेच्या बियांचा, पाल्याचा आणि शेंगांचाही दशांश द्यावा.

आता तो मनुष्य डोळ्यांपुढे आणा. सकाळी वाफ्याजवळ बसून तो पुदिन्याच्या दहा काड्या मोजतो आणि दहावी बाजूला ठेवतो. आपल्याला हसू येते. परंतु बंधूंनो, चटणी वाटतानाही ज्याला देवाची आठवण होते त्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. प्रभूही त्याला हसला नाही. वाफा उपटून टाक, काड्या मोजणे बंद कर, असे प्रभूने म्हटले नाही. हेही करावयाचे होते आणि तेही सोडावयाचे नव्हते, असेच त्याने सांगितले. दोष मोजण्यात नव्हता. काड्या मोजणाऱ्या हाताने मोठे माप खाली ठेवले होते, हा दोष होता.

प्रभूने तीन वनस्पतींची नावे घेतली आणि तीन भारी गोष्टी सांगितल्या. अमुक वनस्पतीला अमुक गुण, अशी जोडणी त्याने केलेली नाही. आम्ही ती केवळ स्मरणासाठी करीत आहोत, कारण ज्याच्या घरी वाफा आहे त्याला हा उपदेश रोज पाणी घालताना आठवेल.

१. पुदिना आणि न्याय

पुदिन्याला बी पेरण्याची गरज नसते. बाजारातील जुडीतून चार जाड काड्या निवडाव्या, खालची पाने खुडावी आणि काड्या पाण्याच्या पेल्यात उभ्या ठेवाव्या. आठ-दहा दिवसांत पेरांपाशी पांढरी मुळे दिसू लागतात. मग ओलसर मातीत, दुपारचे कडक ऊन लागणार नाही अशा जागी त्या लावाव्या. पुढचे काम पुदिना स्वतःच करतो. जमिनीवर जेवढा दिसतो त्याहून अधिक तो जमिनीखाली चालतो, आणि जेथे त्याचे धुमारे पोहोचतात तेथे नवे रोप उभे राहते. कोथिंबिरीच्या वाफ्यालगत तो मोकळा सोडला तर काही दिवसांनी कोथिंबिरीला जागाच उरत नाही. म्हणून जाणती बाई पुदिना कुंडीत लावते. तो हिरवा आहे, सुवासिक आहे, उपयोगी आहे. पण त्याला सीमा घालावी लागते.

पवित्र शास्त्रात भाजीच्या वाफ्यापायी झालेल्या एका खुनाची हकिगत आहे, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. इज्रेल येथे अहाब राजाच्या वाड्यालगत नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तो हवा होता. कशासाठी? भाजीपाल्याची बाग करण्यासाठी (१ राजे २१:२). त्याने बदल्यात दुसरा चांगला मळा देऊ केला, नाहीतर पैसे देऊ केले. नाबोथाने वडिलोपार्जित वतन देण्यास नकार दिला. भूमी परमेश्वराची आहे, ती कायमची विकावयाची नाही, हा नियम त्याच्या पाठीशी होता (लेवीय २५:२३). तेव्हा ईजबेल राणीने राजाच्या नावाने पत्रे लिहिली व त्यांवर राजाची मोहर केली. उपासाचा दिवस जाहीर झाला, लोक जमले, दोन साक्षीदार उभे राहिले आणि नाबोथाला नगराबाहेर नेऊन धोंडमार करण्यात आला. पाहा, सर्व काही रीतसर झाले! कागद होता, मोहर होती, साक्षी होत्या, उपाससुद्धा होता. नव्हता तो फक्त न्याय.

आता आम्ही आपणांस एक प्रश्न विचारतो. अहाबाने त्या जागेत भाजी लावली असती, तिचा दशांश अगदी काडी मोजून काढला असता आणि परमेश्वराच्या मंदिरात पाठविला असता, तर तो स्वीकारला गेला असता काय? ह्याचे उत्तर एलीया संदेष्ट्याने त्याच मळ्यात उभे राहून दिले. वाफ्यातून काय दिले, हे पाहण्याआधी देव पाहतो की वाफा कोणाच्या जागेत आहे आणि कोणाच्या घामावर पिकला आहे.

ही गोष्ट राजांपुरती नाही. एका मंडळीत आम्ही उपदेशासाठी गेलो होतो. उपासनेनंतर कमिटीची सभा होती, आणि पाहुणे म्हणून आम्हांलाही बसवून घेतले. कापणीच्या सणाचा हिशेब चालू होता. कोथिंबिरीच्या जुड्या, नारळ, कोंबड्या, लोणच्याच्या बरण्या, ह्यांच्या लिलावाचे पैसे वहीशी जुळत नव्हते. चाळीस रुपयांचा फरक येत होता. पाऊण तास खटपट करून तो फरक सापडला आणि सर्वांना बरे वाटले. देवाच्या पैशाबद्दल असा काटेकोरपणा असावाच. त्यानंतर रखवालदाराच्या थकलेल्या तीन महिन्यांच्या पगाराचा विषय निघाला. तो पुढील सभेत घ्यावा असे ठरून सभा आटोपू लागली. तेव्हा मागे बसलेल्या एक वृद्ध भगिनी म्हणाल्या, "पाळकसाहेब, वहीचा हिशेब जुळला, देवाचे आभार. पण तो बाहेर पायरीवर बसला आहे, त्याचा हिशेब कधी जुळायचा?"

खजिनदार अदबीने म्हणाले, "आजी, सणाचा फंड वेगळा असतो. पगाराचा वेगळा असतो."

आजी म्हणाल्या, "फंड वेगळा असेल, बाळा. देव वेगळा नाही ना?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग मंडळी पुन्हा खाली बसली. मार्ग निघाला आणि त्याच दिवशी सूर्य मावळण्याच्या आत त्या माणसाच्या हाती पैसे पडले. मोशेच्या नियमात मजुराच्या मजुरीविषयी हीच मुदत घातली आहे, कारण मजूर गरीब असतो आणि त्याचा जीव त्या मजुरीवर लागलेला असतो (अनुवाद २४:१५).

आपल्या घरी भांडी घासणारी बाई, बागेत खुरपणी करणारा मुलगा, मंडळीच्या आवारातील जुन्या खोलीत राहणारी एखादी विधवा, जिला जागा रिकामी करण्याची नोटीस पाठविण्याचा ठराव चर्चेस आला आहे, ह्या सर्वांपर्यंत आपला न्याय पोहोचला आहे काय? दशांशाची काडी हातात घेण्यापूर्वी कुंडीच्या बाहेर आपला पुदिना कोणाच्या जागेत शिरला आहे, ते पाहावे.

२. जिरे आणि दया

जिरे आपल्या फोडणीत रोज असते, पण ते आपल्या परसात क्वचितच साधते. त्याला कोरडी थंडी हवी असते. कोकण-गोव्याची दमट हवा त्याला मानवत नाही. आपल्या देशातील जिरे मुख्यतः गुजरात व राजस्थानात होते. उत्तर गुजरातेतील उंझा येथील जिऱ्याची बाजारपेठ वडोदऱ्याच्या वाचकांना ठाऊक असेलच. हिवाळ्याच्या आरंभी पेरलेले हे पीक सुमारे चार महिन्यांत हाती येते. तेवढ्या अवधीत आभाळ जरी भरून आले तरी शेतकऱ्याचा जीव खाली-वर होतो, कारण ढगाळ हवेत ह्या नाजूक पिकावर रोग फार लवकर पडतो.

यशया संदेष्ट्याने ह्याच जिऱ्यावरून एक मोठी शिकवण दिली आहे (यशया २८:२३-२९). शेतकरी जिऱ्यावर मळणीचे जड यंत्र फिरवीत नाही, गाडीचे चाकही नेत नाही. तो ते काठीने झोडतो. का? कारण जिऱ्याचे दाणे जड भाराखाली भुगा होतील. भाकरीच्या धान्याचीही मळणी तो अखंड करीत बसत नाही. कोणाला किती दाब द्यावयाचा, हे त्याला कळते. आणि हे ज्ञान त्याला सेनाधीश परमेश्वराकडून मिळाले आहे, असे संदेष्टा म्हणतो.

दया म्हणजे हेच ज्ञान. दया म्हणजे मळणी टाळणे नव्हे. जिऱ्यालाही झोडावे लागते, एरव्ही दाणा सुटत नाही. शिस्त लागते, शब्द लागतो, कधी अश्रूही लागतात. परंतु सर्वांवर एकच रूळ फिरविणे ह्याला दया म्हणत नाहीत. परीक्षेत नापास झालेला मुलगा दोन महिने तरुण संघात येत नाही. सासरहून परत आलेली मुलगी उपासनेत शेवटच्या बाकावर बसते आणि शेवटचे गीत संपण्याआधी निघून जाते. दारूच्या नादी लागलेला बंधू प्रभुभोजनाच्या रविवारी घरीच राहतो. ह्यांपैकी कोणाला काठी पुरे आणि कोणाला केवळ हात पुरे, हे आपण कधी विचारतो काय? की वर्गणी किती महिने थकली एवढे पाहून यादीतून नाव कमी करण्याचे चाक आपण सर्वांवरून सारखेच फिरवितो?

ज्याने वाफ्यात कोवळी रोपे वाढविली आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. धण्याच्या कोवळ्या रोपाला वरून घागर ओतली तर ते चिखलात आडवे होते. त्याला हातानेच पाणी शिंपडावे लागते. जो मनुष्य कोथिंबिरीला शिंपडून पाणी देतो आणि आपल्या भावावर मात घागर ओततो, त्याने अजून वाफ्यापासून काही घेतलेले नाही.

३. शेप आणि विश्वास

१६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ह्या वचनात बडीशेपेच्या जवळची दुसरीच वनस्पती लिहिली गेली. पण मूळ ग्रीक शब्द 'अनेथॉन' हा आपल्या शेपूचाच आहे. वनस्पतिशास्त्रात शेपूचे नाव आजही 'अनेथम' असेच आहे. हा शेपू आपल्या मराठी घरांना किती जवळचा! मुगाची डाळ घालून त्याची भाजी होते. त्याच्या बियांना आपण बाळंतशेपा म्हणतो, आणि त्या ओव्याबरोबर भाजून बाळंतिणीला जेवणानंतर खाण्यास देतो.

शेपूची सोटमुळे सरळ खाली जातात. म्हणून त्याचे बी जेथे वाढवावयाचे तेथेच पेरावे. एकीकडून उपटून दुसरीकडे लावलेला शेपू सहसा सुधारत नाही. बी पातळ पेरावे, वर थोडीच माती घालावी, ओल मोडू देऊ नये. आठ-दहा दिवसांत सुईसारखी रोपे वर येतात आणि सव्वा-दीड महिन्यात भाजी मिळते. सर्व वाफा एकाच वेळी कापला तर भाजी एकदाच होते. पण बाळंतशेपा हव्या असतील तर काही रोपे राखावी लागतात. त्यांना फूल येऊ द्यावे लागते, छत्रीसारखा पिवळा गुच्छ उमलू द्यावा लागतो, बी वाळेपर्यंत धीर धरावा लागतो. त्या दिवसांत पाला जून होतो, रोप कुरूप दिसते, आणि 'हे काढून टाका' असे कोणीतरी म्हणतेच. तरी राखलेल्या रोपाचेच बी पुढील वर्षी पेरणीस मिळते.

प्रभूने विश्वास म्हटले तेथे 'पिस्तिस' हा शब्द आहे. त्यात भाव ठेवणे आणि विश्वासूपणे टिकून राहणे, हे दोन्ही अर्थ येतात. आज एका मंडळीत, उद्या दुसऱ्या सभेत, परवा तिसऱ्या वक्त्यामागे, असे स्वतःला सारखे उपटून लावणाऱ्याचे मूळ खोल जात नाही. आणि ज्या सेवेला लगेच फळ दिसत नाही तिची रोपे आपण फार लवकर कापून टाकतो. रविवारच्या शाळेत चारच मुले येतात म्हणून वर्ग बंद होतो. दवाखान्यात जाऊन प्रार्थना करणारे मंडळ तीन महिन्यांत थकते. मराठी उपासनेला तरुण येत नाहीत म्हणून मराठी गीतपुस्तके कपाटात जातात. परप्रांतात आपली मायबोली आणि आपली उपासना कोणी राखली? ज्यांनी बियांसाठी काही रोपे उभी ठेवली त्यांनी. ते बी आज आपण पेरीत आहोत.

प्रिय जनहो, न्याय, दया आणि विश्वास, ह्या मापाने स्वतःला मोजले तर आपल्यापैकी कोण पूर्ण उतरेल? म्हणून शेवटी आणखी एका सुगंधी झुडपाकडे पाहू या. त्याचे नाव एजोब. ते नेमके कोणते, ह्याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. अनेकांच्या मते ते पॅलेस्टाईनच्या डोंगरात उगवणारे, ओव्यासारख्या वासाचे, भाकरीबरोबर खाल्ले जाणारे झुडूप असावे. मिसर देशातील त्या रात्री इस्राएलांनी वल्हांडणाच्या कोकराचे रक्त एजोबाच्या जुडीने दाराच्या चौकटीला लाविले (निर्गम १२:२२). पापाने खचलेल्या दाविदाने मागितले की, देवाने एजोबाने मला शुद्ध करावे (स्तोत्र ५१:७). आणि वधस्तंभावर आपला प्रभु तहानेला असता त्याच्या ओठांपर्यंत आंब पोहोचविली ती एजोबाच्या काठीवर (योहान १९:२९). ज्याने न्याय भारी आहे असे सांगितले, त्याला न्याय मिळाला नाही. ज्याने दया भारी आहे असे सांगितले, त्याला दया दाखविण्यात आली नाही. तो मात्र शेवटपर्यंत विश्वासू राहिला, आणि जेथे आपण कमी पडलो तेथे त्याने भरणा केला. त्याच्याकडे पाहून आपण वाफ्याकडे परत जातो, तेव्हा काडी मोजणे ओझे राहत नाही. ती उपकारस्तुती होते.

तेव्हा वाफा अवश्य लावा. गॅलरीत बादली असली तरी पुरे. तळाला भोके पाडा, धणे हलक्या हाताने रगडून दुभंगा, पेरा, पाणी शिंपडा. पहिली जुडी निघाली की ती देवाची समजा आणि शेजारच्या ज्या घरी आजार किंवा अडचण आहे तेथे पोहोचवा. पण त्याच आठवड्यात कोणाची मजुरी आपल्याकडे राहिली असेल तर ती चुकती करा. ज्याच्यावरून चाक गेले आहे त्याच्या दारी जा. जी सेवा सोडून दिली आहे ती पुन्हा हाती घ्या. हेही करावे आणि तेही सोडू नये.

हे प्रभु येशू, आमच्या परसातील काडीही तुझ्या नजरेआड नाही. आमच्या हाताला काडी मोजण्याइतका काटेकोरपणा दे, आणि ज्याचे देणे आहे त्याचे देण्याइतका प्रामाणिकपणा दे. जिऱ्याला जपणाऱ्या शेतकऱ्याची दया आम्हांला शिकव. बी पिकेपर्यंत धीर धरण्यास साहाय्य कर. आमेन.